पावणेनऊचा उजेड

फोटो काढायच्या आधी मी बादली सरकवते.
समोरच्या लॉजच्या पत्र्यावरून
सकाळी पावणेनऊला उजेड परतून येतो
आणि वीस मिनिटं आमची मोरीसुद्धा देखणी दिसते.

तेवढ्यात उरकायचं.
पाटावर रेशमाचा लाल गोंडा, शेजारी कपात चहा,
वाफ हवी म्हणून दुसऱ्यांदा उकळलेला,
मला नकोच असलेला.
एक झेंडू, थोडा वाकडा.
मुद्दाम वाकडा.

अण्णा गुजरीत बसून साज गाठतात, पंचेचाळीस वर्षं.
पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ताणतात,
एकेक पान ओवतात, मासा, कासव, चंद्र,
मधे जवमणी.
सराफाच्या काट्यावर सोन्याचं वजन होतं,
गाठीचं होत नाही.
"गाठ दिसली की काम कच्चं," म्हणतात.
आणि मी त्यांची मुलगी,
गाठ दिसावी म्हणून
फोन अगदी जवळ नेते.

पतसंस्थेची नोकरी सोडली तेव्हा आईनं विचारलं,
"मग लोकांनी विचारलं तर काय सांगू, काय करतीस तू?"
मलाही सांगता येईना.
गोंड्यांची कानातली करते. पुस्तकातल्या खुणा.
किल्ल्यांना लावायचे झुपके.
आणि रात्री त्याबद्दल लिहिते, चार ओळी, कधी चौदा:
हा गुलाबी कुठल्या दुकानात मिळाला नाही,
दमट हवेत रेशीम कसं फुगतं,
कपिलतीर्थ मंडईत वांगी निवडताना
देठाच्या हिरव्यानं कसं अडवलं मला.

"आणि ह्याचे पैसे देतंय कोण?"
पहिल्या महिन्यात कोणी नाही.
दुसऱ्यात परभणीच्या एका बाईंनी, एकशे ऐंशी.
बासष्ट टपालाला गेले.
उरलेल्यात दोरा आणला,
आणि खासबागेत एकटीनं उभ्यानं भेळ खाल्ली,
मालकिणीसारखी.

मग त्याच बाईंनी कळवलं,
"तुमच्या घरात किती शांत असतं हो.
मी रोज रात्री तुमची खिडकी बघते
आणि झोपते."

मान वर केली.
कुकरची तिसरी शिट्टी, खालची पिठाची गिरणी,
धाकट्या विश्वजितची हलगी,
बादलीत भिजत पडलेले अण्णांचे दोन सदरे.
ते "शांत" रात्रभर टोचत राहिलं
दोऱ्यात राहिलेल्या कुसळासारखं.

दुसऱ्या दिवशी लिहिलं:
आज काही झालं नाही. एक गाठ सात वेळा सुटली.
सातव्यांदा मी रडले.

अण्णांना वाचून दाखवलं.
ते अंगठ्यावरचा दोरा सोडेनात.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"सुटली, कारण तू डोळ्यानं मारतीस गाठ.
नखानं मारायची.
आणि हे लिहू नको."

मग दोरा ओठानं ओला करत,
"लिही. पण शिकवली कुणी ते बी लिही.
माझं नाव न्हवं. हौसाआत्तीचं.
तिनं शिकवली मला.
तिला गुजरीत बसू देत न्हवतं कोण."

एकोणतीस वर्षं एका घरात
आणि हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

लिहिलं. नखाचंही लिहिलं.
त्या आठवड्यात कुणी काही विकत घेतलं नाही.
अजूनही बेरीज जुन्या पगाराच्या निम्म्यावर दमते,
आई अजूनही पाहुण्यांना सांगते,
"घरीच असती, कायतरी करती."

आज पुन्हा पावणेनऊ. पाट, गोंडा,
चहा एकदाच उकळलेला, अर्धा प्यायलेला.
बादली सरकवायला वाकले तर
सदऱ्यांच्या निळ्या पाण्यात
गोंड्याचा लाल पडला होता,
हलत होता.

मग सरकवलीच बादली,
चार बोटं, डावीकडे,
आत.